आरोग्यसेवेतलं मूल्यमापन आणि स्पर्धा: नैतिक प्रश्न (बेळगाव सीमाभाग)

उपचाराला जेवढा खर्च आला त्या मानाने पेशंट कितपत बरा झाला हे मोजायचं आणि त्यावर हॉस्पिटलांची स्पर्धा लावायची, हा विचार मायकेल पोर्टर आणि एलिझाबेथ टाइसबर्ग यांनी २००६ मध्ये अमेरिकेत सविस्तर मांडला. विचार चांगलाच आहे, नुसत्या तपासण्या वाढवून बिल फुगवण्यापेक्षा माणूस बरा झाला का हे विचारलेलं केव्हाही बरं, पण मोजायचं कसं इथे सगळं अडतं.

मोठा धोका पेशंट निवडून घेण्याचा. न्यूयॉर्कमध्ये १९९० च्या दशकात बायपासमधल्या मृत्यूंचे आकडे हॉस्पिटल आणि सर्जनच्या नावानिशी जाहीर व्हायला लागले, तेव्हा गंभीर पेशंट टाळले जातात अशी तक्रार झाली. म्हणून रिस्क ॲडजस्टमेंट करतात, म्हणजे वय, शुगर, किडनी वगैरे धरून आकडा दुरुस्त करायचा. पण खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडच्या जंगलातल्या वाडीवरून भर पावसात पेशंटला आधी रस्त्यापर्यंत उचलून आणायचं, मग गाडी शोधायची, खानापूरला दाखवायचं आणि तिथून बेळगावच्या सिव्हिलला न्यायचं, यात गेलेला वेळ कुठल्या रकान्यात लिहिणार? पेशंट दगावला तर आकडा शेवटी ज्यांनी ॲडमिट करून घेतलं त्यांच्या नावावर, आणि 'पुढे न्या' म्हणून गेटवरनंच पाठवणाऱ्याचं रेकॉर्ड स्वच्छ. हा उघड अन्याय आहे.

दुसरं हद्दीचं. निपाणी, अथणीकडचे लोक कोल्हापूर-मिरजेला जातात, ऑपरेशन तिकडे आणि टाके काढायला गावचा डॉक्टर. इकडे कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक ही सरकारी उपचार योजना आहे, त्यात भर म्हणून २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, कर्नाटकाने हरकत घेतली. कागद दोन राज्यांत विखुरले की सहा महिन्यांनी तो माणूस कसा आहे हे कोणाच्याच हिशोबात येत नाही. शिवाय 'दुखणं शून्य ते दहामध्ये किती' असं खुद्द पेशंटला विचारायची पद्धत आहे, पण फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत आणि खुणा नातवाने केलेल्या, तर तो आकडा आजीचा कसा म्हणायचा?

आणि स्पर्धेला मुळात निवड लागते. रात्री दोनला छातीत कळ आली की कोणी रेटिंग बघत बसत नाही, जे जवळ आणि उघडं असेल तिथे नेतात. आणि खर्च मोजायचा तर दराचाही प्रश्न येतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये खासगी हॉस्पिटलांच्या कायद्यातल्या दुरुस्तीविरुद्ध कर्नाटकभरचे डॉक्टर बेळगावात जमले होते, दर कोणी ठरवायचे हा त्यातला मुख्य वाद. शेवटी सरकारी योजनांपुरतेच दर सरकारने ठरवायचे असं झालं, बाकीच्यांना हॉस्पिटल सांगेल तो दर.