काटा हलत नाही? नवीन मीटर घेण्याआधी एवढं बघून घ्या

मोटरसायकल आणि स्कूटरच्या ग्राहकांसाठी स्पीडोमीटरबद्दल माहितीपत्रक, सोलापूर

‘मीटर बंद पडलंय’ एवढंच सांगून गाडी सोडून जाऊ नका. नेमकं काय बंद आहे ते सांगा. काटा, किलोमीटरचे आकडे, की दोन्ही? या एका उत्तरावर आमचं अर्धं काम होतं आणि तुमचा विनाकारण होणारा खर्च वाचतो. चाकाची फिरकी मीटरपर्यंत नेणारी केबल शे-दोनशे रुपयांच्या घरात येते, अख्खं मीटर तिच्या कितीतरी पट. आणि दोष बहुतेक वेळा मीटरमध्ये नसतोच.

आत काय चालतं ते आधी समजून घ्या. काट्याच्या जुन्या पद्धतीच्या मीटरमध्ये केबलच्या टोकावर एक चुंबक फिरतो. त्याला न टेकता अ‍ॅल्युमिनियमची पातळ वाटी बसवलेली असते आणि काटा त्या वाटीच्या दांडीवर असतो. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. घड्याळातल्यासारखी केसाएवढी स्प्रिंग तिला उलट खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो, तो तुमचा वेग. किलोमीटरच्या आकड्यांचा या वाटीशी काही संबंध नाही. ते चुंबकाच्या दांड्यावरच्या बारीक गराऱ्यांवर थेट फिरतात.

म्हणून आकडे पुढे सरकतायत आणि काटा शून्यावर मेलाय, तर केबल चांगली आहे. दोष मीटरच्या आत आहे, केबल बदलून काही होणार नाही. काटा चालतो पण आकडे अडकलेत, तर आतली प्लॅस्टिकची गरारी झिजली किंवा तिचा दात गेला. दोन्ही एकदम थांबले, तर मीटरला हात लावू नका, खाली बघा. केबल तरी गेली असेल, नाही तर पुढच्या चाकातली मीटर गरारी.

घरी करून बघण्यासारखी तपासणी

गाडी मेन स्टँडवर घ्या. कुणाला तरी मागून दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. मीटरच्या खालचा केबलचा नट सोडवा. तो दातेरी असतो, बहुधा हातानेच निघतो. हट्टी असेल तर पक्कड लावा, पण मध्ये फडकं धरा. आता चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवा आणि केबलच्या तोंडातलं चौकोनी टोक बघा. ते फिरत असेल तर खालचं सगळं ठीक आहे, दोष मीटरचा. फिरत नसेल तर आतली तार वर ओढा. अर्धीच हातात आली तर तुटलीय. अख्खी आली आणि दोन्ही टोकं चौकोनी, धारदार आहेत, तर गरारीकडे वळा. टोकं गोल झाली असतील तर तार शाबूत असूनही ती आत नुसती घसरतेय. अशी केबल बदलावीच लागते.

काही गाड्यांत तार वरून निघत नाही, खालून ओढावी लागते. जोर लावू नका.

केबल तुटली म्हणून लगेच केबल टाकू नका

या पत्रकातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. केबल आपोआप क्वचितच तुटते, तिला कुणीतरी तोडतं. मीटरचा दांडा वर जाम झाला असेल तर चाक खालून पिळत राहतं, तार वरून हलत नाही आणि शेवटी कमकुवत जागी तुटते. नवी टाकलीत तर तीही आठवड्याभरात जाईल आणि दोष केबलच्या कंपनीला लागेल. म्हणून नवी केबल लावण्याआधी जुन्या तारेचा वीतभर तुकडा घ्या, त्याचं चौकोनी टोक मीटरच्या भोकात घाला आणि दोन बोटांनी झटकन पिळा. तुकडा हलका फिरला पाहिजे. काटा टुणकन उडून परत शून्यावर आला पाहिजे. अडखळला, करकरला, तर आधी मीटर दुरुस्त करायचं, मग केबल.

ज्यांच्याकडे ड्रिल मशीन आहे त्यांच्यासाठी थोडं पुढचं. जपानी मापाच्या मीटरमध्ये केबलच्या १४०० फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. म्हणजे ड्रिल मिनिटाला ७०० फेऱ्यांनी फिरवलं तर काटा ३० वर यायला हवा. दिशा मात्र केबल ज्या बाजूला फिरते तीच ठेवा. उलटं फिरवलं तर काटा शून्याच्या खिळ्यावर आपटत राहतो आणि स्प्रिंग बिघडते.

केबल तुटण्याआधी इशारा देते. थंड सकाळी मीटरमधून ‘चिर्र चिर्र’ आवाज येतो, किंवा काटा ३० आणि ५० च्या मध्ये नाचायला लागतो. कोरडी पडलेली तार आवरणात अडकते, पीळ खाते, सुटते, पुन्हा अडकते, आणि काटा तसाच नाचतो. या टप्प्यावर आणलीत तर अर्ध्या तासाचं काम आहे.

ग्रीस किती आणि कुठे

तार बाहेर काढा, रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसा, पूर्ण सुकू द्या. साधं लिथियम ग्रीस बोटांवर घेऊन तारेच्या खालच्या दोन-तृतीयांश भागाला पातळसं चोळा. वरची वीतभर लांबी कोरडीच ठेवा. तार फिरताना स्क्रूसारखी ग्रीस वर चढवते. ते मीटरमध्ये शिरलं की चुंबक आणि वाटी एकमेकांना चिकटतात आणि काटा सुटतो थेट शेवटच्या आकड्याकडे. गाडी ४० वर आणि मीटर १२० वर दिसलं तर बहुधा असंच काहीतरी झालेलं असतं. इंजिन ऑइल ओतणं तर त्याहून वाईट, ते आणखी लवकर चढतं. स्प्रेचं तेल मीटरच्या भोकात मारू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

केबल परत बसवताना तिचा रस्ता पूर्वीसारखाच ठेवा, फोर्कवरच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) कड्यातून. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, कुठे ताणली जाऊ नये, कुठे काटकोनात मोडू नये. मोबाइलचा होल्डर किंवा जादा लाइट लावताना केबल प्लॅस्टिकच्या पट्टीने करकचून बांधलेली सर्रास दिसते. तिथेच ती पुढे तुटते.

पंक्चर काढलं आणि मीटर बंद पडलं

पुढचं चाक काढल्यावर किंवा ब्रेकचे लायनर बदलल्यावर मीटर बंद पडलं, तर शंभरातली बहुतेक वेळा चूक बसवण्यात आहे. ड्रम ब्रेकच्या गाडीत ब्रेक प्लेटच्या आत मीटर गरारी असते. तिला दोन कान असतात आणि ते हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) दोन खाचांत बसावे लागतात. प्लेट हबवर ठेवून हळूहळू फिरवायची. कान खाचेत पडले की हाताला जाणवतं आणि प्लेट सपाट बसते. फट दिसत असताना अ‍ॅक्सलचा नट आवळला तर कान चेपतात, आणि पाच मिनिटांच्या कामाचं गरारी बदलण्याचं काम होतं. गरारी बाहेर काढली की काळपट, वाळूसारखं झालेलं जुनं ग्रीस दिसेल. आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या धुळीचा आणि पावसाच्या चिखलाचा तो गाळ आहे. तो पुसून नवीन ग्रीस लावा, पण हरभऱ्याएवढंच. जास्त झालं तर लायनरवर पसरतं आणि ब्रेक लागत नाही. मीटरपेक्षा ब्रेक महत्त्वाचा.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट डोळ्यांनी बघा. ब्रेक प्लेटची खाच फोर्कवरच्या उंचवट्यात नीट बसलीय ना? ती चुकली तर ब्रेक मारताच प्लेटच फिरेल. डिस्कच्या गाडीत मीटर गरारीची वेगळी डबी असते, तिलाही फोर्कला टेकणारा असाच एक ठोकळा असतो.

डिजिटल मीटर

इथे केबल नसते, सेन्सर असतो. काही गाड्यांत तो पुढच्या चाकाजवळ, काहींत पुढच्या स्प्रॉकेटजवळ (चेनच्या पुढच्या दातेरी चक्राजवळ) गिअरबॉक्सवर. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन गाड्यांना एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत वेगाची खबर एबीएसच्याच सेन्सरकडून येते. त्यामुळे वेग शून्य आणि एबीएसचा दिवा सतत पेटलेला अशी जोडी दिसली तर चाकाजवळच बघा. चाकाबरोबर फिरणारी दातेरी कडी वाकलीय का, सेन्सरच्या तोंडावर लोखंडाचा भुगा साठलाय का? सेन्सर आणि कडीत साधारण १ मिलिमीटर अंतर असतं, गाडीगणिक थोडं कमी-जास्त. भुगा कोरड्या फडक्याने पुसा, स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका.

वॉशिंग सेंटरमधून आल्यावर वेग दिसेना झाला तर कपलरमध्ये (वायरींच्या प्लगसारख्या जोडात) पाणी गेलंय. कपलर सोडवून सुकू द्या, पिना हिरव्या पडल्यात का बघा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघा. तीन वायरींचा सेन्सर मल्टिमीटरवर तपासता येतो. किल्ली चालू करून एक वायर पुरवठ्याची, एक अर्थची. पुरवठा काही गाड्यांत ५ व्होल्ट, काहींत १२. तिसऱ्या वायरीवर चाक हळू फिरवताना व्होल्टेज वर-खाली झालं पाहिजे. झालं नाही तर सेन्सर गेला. झालं आणि तरी मीटर गप्प आहे, तर दोष वायरिंगमध्ये किंवा मीटरमध्ये.

बटण स्टार्ट मारताना डिस्प्ले विझून पुन्हा सुरू होत असेल तर मीटरवर संशय घेण्याआधी बॅटरी तपासून घ्या.

चालतं, पण खोटं बोलतं

कंपनीचं मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्तच दाखवतं, ते मुद्दाम तसं केलेलं असतं. कमी दाखवायला लागलं तर मात्र काळजी करा. पडताळायला हायवेचे किलोमीटरचे दगड पुरेत. पुणे रोड किंवा विजापूर रोडवर, पहाटे रहदारी कमी असताना, काटा ६० वर स्थिर ठेवा आणि मागे बसलेल्याला दोन दगडांमधला वेळ मोजू द्या. ६० सेकंद लागले तर मीटर बरोबर. ६६ लागले तर खरा वेग साडेचोपन्न, हे चालेल. ५५ लागले तर तुम्ही ६५ च्या वर आहात आणि मीटर ६० म्हणतंय.

कारणं साधीच असतात. पुढचा टायर २.७५ इंच रुंदीऐवजी ३.०० चा टाकला तर चाकाचा घेर सुमारे दोन टक्के वाढतो, मीटर तेवढं कमी दाखवतं. टायर गुळगुळीत झाला की उलटं होतं, टक्काभर जास्त. सेन्सर गिअरबॉक्सवर असलेल्या गाडीत पुढचं स्प्रॉकेट १४ ऐवजी १५ दातांचं बसवलं तर वेग मीटरपेक्षा सात टक्के जास्त असतो. जुन्या मीटरमध्ये स्प्रिंग ढिली पडली तर काटा जास्त दाखवतो, चुंबक अशक्त झाला तर कमी.

काचेच्या आत वाफ धरत असेल तर मीटरच्या मागच्या बल्ब होल्डरची रबरं तपासा, पाणी तिथूनच येतं. काच उघडू नका. कडेची पट्टी एकदा उचकटली की पुन्हा तशी बसत नाही.

मीटर बदलताना

गाडीवर चालू स्पीडोमीटर असणं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या ११७ व्या नियमानुसार बंधनकारक आहे, ‘गावातच तर फिरतो’ हे चालत नाही. नवीन मीटर शून्यापासून सुरू होतं. आम्ही जुन्या मीटरचं रीडिंग आणि बदलल्याची तारीख बिलावर लिहून देतो, ते बिल सर्व्हिस बुकात जपून ठेवा, गाडी विकताना लागतं. रीडिंग मागे फिरवून आम्ही देत नाही, कृपया विचारू नका.

केबल मागायला येताना गाडीचं मॉडेल, साल आणि पुढचा ब्रेक ड्रम की डिस्क एवढं सांगा. एकाच मॉडेलच्या दोन सालांत लांबी वेगळी निघते. जुनी केबल सोबत आणलीत तर उत्तम, तुटलेली असली तरी.