हिरड्या कापणारे न्हावी

घरात कुणी शिंकलं की क जीवनसत्त्वाच्या गोळ्या बाहेर येतात. ते शरीरात नेमकं करतं काय, असं विचारलं तर गाडी ‘प्रतिकारशक्ती’च्या पुढे सरकत नाही. मला ते उमगलं ज्याँ द ज्वाँव्हीलमुळे.

हा फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातला सरदार. १२४८ मध्ये नवव्या लुई राजामागून धर्मयुद्धाला (क्रूसेडला) निघाला, तो जमिनी गहाण टाकून आणि नऊ नाइट (घोडेस्वार योद्धे) सोबत घेऊन. वय तेवीस-चोवीस. फेब्रुवारी १२५० मध्ये इजिप्तमध्ये मन्सूराच्या लढाईनंतर सैन्य नाईलकाठी अडकलं, नदीतून येणारी रसद तुटली. त्यात ईस्टरआधीचे उपवास; मासे खायचे ते नदीतलेच. मग पायांचं मांस सुकलं, कातडीवर जुन्या बुटासारखे काळे-मातकट डाग पडले, हिरड्या सडल्या. छावणीतले न्हावी मेलेलं मांस कापून काढत, तेव्हा कुठे घास गिळता येई. बाळंतवेणा सुरू झालेल्या बाईसारखी माणसं ओरडत, असं ज्वाँव्हील लिहितो. त्याच्या मते दोष माशांचा, कारण ते नदीतली प्रेतं खात.

ही स्कर्व्हीच, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग. आपलं शरीर कोलॅजन या प्रथिनाने शिवलेलं आहे: तीन धागे, दोरखंडासारखा पीळ. धाग्यातल्या प्रोलीन या अमिनो आम्लाला हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) जोडला गेला तरच पीळ टिकतो. तो जोडणाऱ्या विकरात (एन्झाइममध्ये) लोहाचा एक अणू असतो. काम करता करता तो कधी दोनाऐवजी तीन धनभारांचा होऊन बसतो आणि विकर ठप्प होतं. क जीवनसत्त्व त्याला एक इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा कामाला लावतं. तो मिळाला नाही तर कच्चा दोर अंगच्या उबेनेच उसवतो. दातांच्या मुळाशी कोलॅजन सतत मोडतं आणि नव्याने बांधलं जातं, म्हणून तूट तिथे लवकर दिसते. बकरी हे जीवनसत्त्व स्वतः बनवते. आपल्यातला तो जनुक मोडलेला आहे.

म्हणजे मासे दोषी होतेच, पण प्रेतांमुळे नव्हे. शिजवलेल्या माशात हे जीवनसत्त्व जवळपास नसतंच. आणि गोळीवाल्यांनो, लोह कामावर असताना जास्तीचे इलेक्ट्रॉन ओतून दोर जाड होत नाही. उरलेलं लघवीवाटे जातं.

ज्वाँव्हीलही आजारी होता. त्याच्या बिछान्यापाशी मिस्सा (ख्रिस्ती उपासना) म्हणताना आजारी पाद्री भोवळून पडू लागला, तेव्हा हा अनवाणी उडी मारून उठला आणि त्याला धरलं. पाद्र्याने मिस्सा पुरी केली. ती त्याची शेवटची. पुढे १२७० च्या धर्मयुद्धासाठी लुईने खूप आग्रह केला. ज्वाँव्हील गेला नाही. तो वारला १३१७ मध्ये, नव्वदी ओलांडून.