पकडल्यानंतरचा पहिला तास

देवळाली कॅम्पच्या आसपास राहणाऱ्यांना तोफांच्या सरावाचा आवाज ओळखीचा असतो. तावदानं थरथरतात आणि माणसं पुन्हा चहाकडे वळतात. त्या एका गोळ्यामागे तोफेवरच्या जवानांनी तीच हालचाल शेकडो वेळा केलेली असते. धुमश्चक्रीत डोकं चालेलच असं नाही, हात चालले पाहिजेत. युद्धकैदी हाती लागतो तेव्हाही तेच. दहा मिनिटांपूर्वी शेजारचा सोबती पडलेला असतो, छाती धडधडत असते आणि ज्याने गोळी झाडली तो समोर हात वर करून उभा असतो. त्या क्षणी चांगल्या स्वभावावर भिस्त ठेवणं धोक्याचं. कैदी हाताळणं कवायतीतच घोटून घ्यावं लागतं.

क्रम साधा आहे. आधी हत्यार काढून घ्यायचं, मग डोक्यापासून पायापर्यंत झडती. झडती घेणारा एक, बंदूक रोखून उभा दुसरा, आणि पहिल्याने दुसऱ्याच्या नेमाच्या आड यायचं नाही. मग अधिकारी आणि शिपाई वेगळे, आपसात बोलणं बंद, आणि शक्य तितक्या लवकर गोळीबाराच्या टप्प्याबाहेर. नवखे हमखास चुकतात ते सामानात. 1949 च्या तिसऱ्या, म्हणजे युद्धकैद्यांविषयीच्या, जिनिव्हा करारानुसार हेल्मेट आणि गॅसपासूनचा मुखवटा कैद्याकडेच राहतो, कारण मागे नेताना त्याच्यावरही गोळे पडू शकतात. हुद्द्याचे बिल्ले आणि घरच्यांचे फोटोही त्याचेच. पैसे काढायचे तर अधिकाऱ्याच्या हुकमाने, नोंद करून आणि पावती देऊन.

हात बांधताना प्लास्टिकची पट्टी करकचून ओढली की मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कातडीलगत जाणारी नस दबते. अंगठ्याच्या मागचा भाग बधिर होतो, कधी कधी आठवडेच्या आठवडे. म्हणून पट्टी आणि कातडी यांच्यात एक बोट सरकलं पाहिजे, आणि नख दाबून सोडल्यावर दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. हात मागे बांधून पालथं पाडून पाठीवर गुडघा ठेवणं तर जीवघेणं ठरू शकतं. छाती फुगायला जागा उरत नाही, आणि हवेसाठी चाललेली धडपड बघणाऱ्याला प्रतिकार वाटते. मग दाब आणखी वाढतो. बांधून झालं की लगेच कुशीवर वळवायचं किंवा बसवायचं.

मग चिठ्ठी. अमेरिकी फौजेत तीन तुकड्यांचं कार्ड असतं: एक तुकडा कैद्याच्या अंगावर, एक पकडणाऱ्या तुकडीकडे, एक त्याच्या सामानाला. कुठे, केव्हा, कोणी पकडलं ते त्यावर असतं. कागदी सोपस्कार वाटतो खरा, पण ज्याची नोंद झाली तो माणूस गुपचूप नाहीसा करणं अवघड होतं. कैद्याने सांगायचं ते एवढंच: नाव, हुद्दा, जन्मतारीख, सैनिक क्रमांक. फेब्रुवारी 2019 मध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांनी पुढच्या प्रश्नांना दिलेला नम्र नकार सगळ्यांनी पाहिला. तो आपण पाहू शकलो हेच मुळात खटकायला हवं होतं, कारण कैद्याचं प्रदर्शन मांडायला करारात मनाई आहे.

पुढचा धोका वाहतुकीचा. नाशिकच्या एप्रिलात उन्हात उभ्या गाडीत शिरून पाहिलेल्याला बंद ट्रकमध्ये काय होतं ते सांगायला नको. पाणी, अन्न आणि औषधोपचार पुरेसे हवेत, आणि नेण्याची सोय आपल्या जवानांना जशी असते त्याच तोडीची हवी. बरेच दिवस उपाशी असलेल्याला मात्र पोटभर जेवू घालणं घातक ठरतं. अचानक पिष्टमय अन्न पडलं की इन्शुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून डॉक्टर आधी थायमिन (बी1 जीवनसत्त्व) देतात आणि अति अशक्ताला दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त 10 कॅलरींपासून सुरुवात करतात. पन्नास किलोच्या माणसाला 500, म्हणजे जेमतेम चार-पाच पोळ्या. छावणीत दर महिन्याला वजन नोंदवायचं असतं. एकाचं उतरलं तर आजार शोधा, सगळ्यांचं उतरलं तर कोठाराचा हिशेब तपासा.

कैदी पकडणाऱ्या जवानाचा नसतो, तुकडीचाही नसतो. तो शत्रुराष्ट्राच्या, म्हणजे त्याला पकडणाऱ्या देशाच्या, ताब्यात असतो आणि जबाबदारी त्या सरकारची. याने व्यक्ती सुटत नाही. आपल्याकडच्या 1960 च्या जिनिव्हा करार कायद्यात, करारांनी संरक्षण दिलेल्या (युद्धकैद्यासारख्या) व्यक्तीला जाणूनबुजून ठार मारल्यास फाशी किंवा जन्मठेप आहे. इतर गंभीर भंगांना 14 वर्षांपर्यंत कैद. इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात अमेरिकी पहारेकऱ्यांनी केलेल्या कैद्यांच्या छळाची 2004 मध्ये चौकशी झाली, तीत जी मुळं निघाली त्यांत मोठं हेच होतं की पहारेकऱ्यांना कैदी सांभाळण्याचं आणि जिनिव्हा कराराचं धड प्रशिक्षण नव्हतं, त्यात चौकशी करणाऱ्यांसाठी कैद्यांना 'तयार' करण्याचं काम त्यांच्याच गळ्यात घातलं होतं. पहारा आणि चौकशी एका हातात देणं ही माझ्या मते यातली सगळ्यात घातक चूक.

कराराचं 127 वं कलम प्रशिक्षण बंधनकारक करतं, पण व्याख्यानाने काम होत नाही. सरावात एका जवानाला कैदी करा, त्याच्या मोज्यात नकली ग्रेनेड आणि खिशात फोटो असलेलं पाकीट ठेवा. त्याला दोन तुकड्यांच्या हातांतून मागे न्या आणि शेवटी तपासा. ग्रेनेड निघालं का, हे सगळेच बघतात. पाकीट कैद्याकडे आहे का, तेही बघा. ते ज्या तुकडीच्या खिशात सापडेल, तिचा सराव पहिल्यापासून पुन्हा.