'व्हीलचेअर ढकलतो, तोच व्यायाम' हे खरं नाही

व्हीलचेअर वापरणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज नाही, दिवसभर हात चालतातच, असं सर्रास सांगितलं जातं. हात चालतात खरे, पण एकाच दिशेने. चाक पुढे रेटताना छाती आणि खांद्याचे पुढचे स्नायू राबतात. पाठीकडचे मागे पडतात. खांदे पुढे झुकतात आणि दुखायला लागतात. शिवाय घरातल्या घरात चार ढकल्यांनी दम लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस अपंग प्रौढांसाठीही तीच आहे: आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम, 2 दिवस ताकदीचा.

हा असमतोल भरून काढायला ओढण्याचा व्यायाम हवा. रबरी पट्टा समोर छातीच्या उंचीवर पक्का अडकवा, दोन्ही ब्रेक लावा. कोपरं अंगालगत मागे ओढा, खांद्यांमागची चपटी हाडं (पाती) जवळ आणा, सावकाश सोडा. 8 ते 10 वेळा, असे 2-3 फेरे. खांदे कानाकडे चढले तर पट्टा जास्त ताठ आहे. पकड कमजोर असेल तर पट्ट्याचा फास मनगटाला घाला. धड सावरत नसेल तर छातीला बेल्ट.

मज्जारज्जूची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर नाडीवर विसंबू नका, ती पुरेशी वाढतच नाही. बोलता येतं पण गाता येत नाही, एवढाच दम लागू द्या. घामही कमी येतो, म्हणून पंखा हवाच. आधी मूत्राशय रिकामं करा; ते तुंबलं तर अशा इजेत रक्तदाब एकदम चढू शकतो. अचानक डोकं ठणकणं ही त्याची खूण असू शकते: लगेच थांबा, ताठ बसा, कॅथेटरची (लघवीची) नळी दुमडली आहे का पाहा; दुखणं ओसरलं नाही तर तातडीने डॉक्टर गाठा.