फियानो: न परवडणारं द्राक्ष

फियानो या पांढऱ्या द्राक्षाची गोष्ट सांगताना सगळे थेट रोमन काळात जातात. मधमाश्या ज्या द्राक्षावर तुटून पडतात असं रोमन लेखक प्लिनीनं लिहिलं, ते द्राक्ष हेच, असं म्हणतात. सिद्ध करणं अवघड आहे. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारी नोंदींत मात्र फियानोच्या वाईनचा उल्लेख येतो. तरीही हे द्राक्ष आज टिकून आहे ते रोमनांमुळे नाही आणि सम्राटामुळेही नाही. ते टिकलं दुसऱ्या महायुद्धानंतर एका घराण्यानं धरलेल्या हट्टामुळे.

इटलीत नेपल्सच्या पूर्वेला इर्पिनिया हा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या अत्रिपाल्दा गावात मास्त्रोबेरार्दिनो घराण्याची वायनरी असून तिची अधिकृत नोंद १८७८ची आहे. वेलींची मुळं पोखरणारी फायलोक्सेरा कीड या भागात उशिरा पोचली आणि पाठोपाठ युद्ध आलं. उजाड बागा पुन्हा लावायची वेळ आली तेव्हा बऱ्याच शेतकऱ्यांनी भरघोस उत्पन्न देणारं ट्रेबियानो निवडलं. त्यांना दोष कसा द्यायचा? फियानोचा मणी बारीक, साल जाड, रस बेताचाच. घडही लहान. हिशेबाला बसलं की हे द्राक्ष तोट्याचंच ठरायचं.

युद्ध संपलं तेव्हा आंतोनियो मास्त्रोबेरार्दिनो जेमतेम सतरा वर्षांचे होते. पुढे कारभार हाती आल्यावर त्यांनी फियानो, ग्रेको आणि काळं आल्यानिको ही स्थानिक वाणंच धरून ठेवली. त्यांचा भरवसा वाईनवर होता. चांगली फियानो बाटलीत दहा वर्षंसुद्धा मुरते; हेझलनट, मध आणि किंचित धुराचा वास त्या मुरण्यातूनच खुलतो. ती कोवळी असतानाच पिऊन ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्यांनी अर्धीच चाखली, असं माझं मत.

१९७८मध्ये इथल्या ‘फियानो दि अवेलिनो’ या वाईनला डीओसी, म्हणजे ठरावीक भागातल्या वाईनला मिळणारा इटलीचा अधिकृत दर्जा, मिळाला. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९८०मध्ये, इर्पिनिया भूकंपानं हादरलं. १९९४मध्ये घरातच वाटण्या झाल्या: नाव आणि वायनरी आंतोनियोंकडे राहिली, बऱ्याचशा द्राक्षबागा भाऊ वॉल्टर यांच्याकडे गेल्या आणि त्यांची ‘टेरेडोरा’ वेगळी झाली. २००३मध्ये फियानो दि अवेलिनोला डीओसीजी हा सर्वोच्च दर्जा मिळाला, तोही आंतोनियोंच्या हयातीत. त्या नियमांनुसार वाईनमध्ये किमान ८५ टक्के फियानो हवं. उरलेल्या वाट्यात ग्रेको, कोदा दि वोल्पे चालतं. आणि हो, ट्रेबियानोसुद्धा.