कार-पिकअपच्या पुनरागमनाची पार्श्वभूमी

कारवर बेतलेले पिकअप पुन्हा यावेत का, हा वाद 2021 मध्ये नव्याने पेटला. अमेरिकेच्या बाजारात त्या वर्षी काही महिन्यांच्या अंतराने दोन गाड्या आल्या, फोर्ड मॅव्हरिक आणि ह्युंदाई सांता क्रूझ. मॅव्हरिकची सुरुवातीची किंमत 19,995 डॉलर होती आणि त्या किमतीत हायब्रिड इंजिन मिळत होते. मागणी इतकी आली की 2022 च्या सुरुवातीला हायब्रिडची नोंदणी काही काळ बंद ठेवावी लागली. लहान, बुटका, कारसारखा चालणारा पिकअप कोणालाच नको असतो, हे वाक्य त्याआधी कित्येक वर्षे ठामपणे सांगितले जात होते. ते त्या काही आठवड्यांत निकालात निघाले.

या वादात दोन समजुती सतत डोकावतात. हा प्रकार एका आयात शुल्काने मारला, ही पहिली. तो जगातून नाहीसा झाला, ही दुसरी. दुसरी साफ चुकीची आहे आणि पहिली अर्धीच खरी.

सुरुवातीचा काळ थोडक्यात आटोपता येतो. 1932 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने कार कंपनीला पत्र लिहून रविवारी चर्चला नेता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशी गाडी मागितली, ही गोष्ट वाचकांना ठाऊक असेलच. त्यातून 1934 मध्ये जीलाँगच्या कारखान्यात कूपे युटिलिटी तयार झाली. कारची केबिन आणि मागचा हौदा एकाच सलग बाजूपत्र्यात जोडणे हे तिचे वैशिष्ट्य होते, आणि पुढची पन्नास वर्षे हीच मांडणी कायम राहिली. युद्धानंतर युरोपात मॉरिस मायनर, मिनी, प्यूजो 403 आणि 404 यांचे पिकअप आले. तेव्हा त्यांत कोणाला काही विशेष वाटत नसे. कार बनवणारा कारखाना तिची व्हॅन बनवी, तसाच पिकअपही बनवी.

अमेरिकेत ही गाडी 1957 च्या फोर्ड रँचेरोने रुजवली. पहिल्या वर्षी 21 हजारांहून जास्त विकल्या गेल्या. 1959 मध्ये शेव्हर्लेची एल कमिनो आली आणि तिने पहिल्याच वर्षी 22 हजारांच्या आसपास मजल मारली. दुसऱ्या वर्षी मात्र तिची विक्री 14 हजारांवर घसरली आणि ती बंदच करण्यात आली. 1964 मध्ये ती मध्यम आकाराच्या कारवर पुन्हा उभी राहिली आणि 1987 पर्यंत टिकली. या गाड्या लहान होत्या हाही एक गोड गैरसमज आहे. पहिली एल कमिनो पाच मीटरपेक्षा लांब होती. लहानखुरी म्हणावी ती 1960 ते 1965 मधली, फोर्डच्या फाल्कन या छोट्या कारवर बेतलेली रँचेरो. आज ज्या प्रकारच्या गाडीची मागणी होते तिच्या सर्वांत जवळची तीच, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. 1970 च्या 454 घन इंची इंजिनाच्या एल कमिनोचे फोटो सगळीकडे दिसतात. पण ती गाडी टायर जाळण्यासाठी होती. तिच्यामुळे या प्रकाराची ओळख कामावरून हौसेकडे सरकली, आणि माझ्या मते त्याने नुकसानच झाले.

‘कारवर बेतलेला’ म्हणजे वेगळी चासी (बॉडीखालचा स्वतंत्र सांगाडा) नसलेला, मोनोकॉक म्हणजे बॉडीच सांगाड्याचे काम करते असा, अशी व्याख्या आज सर्रास वापरली जाते. इतिहास तिला दाद देत नाही. 1964 नंतरच्या सर्व एल कमिनोंना वेगळी चासी होती, कारण ज्या कारवर त्या बेतल्या होत्या तिलाही होती. रँचेरोची कहाणी तर आणखी मजेदार आहे. ती आधी चासीवर होती, फाल्कनच्या काळात मोनोकॉक झाली आणि 1972 पासून परत चासीवर गेली. मूळ कार जशी बदलली तशी तीही बदलली. म्हणून व्याख्येत महत्त्वाचे आहे ते कारशी असलेले नाते. सुटे भाग, केबिन, बसण्याची उंची, जमिनीपासून हौद्यापर्यंतचे अंतर, हे सगळे कारचे. हे नाते पुढे निर्णायक ठरले, त्याकडे येतोच.

आता त्या शुल्काकडे. 1962 मध्ये युरोपीय सामायिक बाजाराने अमेरिकी कोंबडीवरचे शुल्क वाढवले. पश्चिम जर्मनीत स्वस्त अमेरिकी कोंबडी मोठ्या प्रमाणावर जात होती, ती अडली. बोलणी फिसकटल्यावर डिसेंबर 1963 मध्ये अमेरिकेने उलट आदेश काढला आणि बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर 25 टक्के शुल्क बसवले. तोवर ट्रकवर 8.5 टक्के होते. रोख फोक्सवागनच्या व्हॅन आणि पिकअपवर होता आणि त्यांची अमेरिकेतली विक्री खरोखरच कोसळली. बाकीच्या वस्तूंवरची शुल्के कालांतराने उठली. ट्रकवरचे राहिले. कोंबडीचे भांडण विसरले गेले तरी देशी ट्रकवाल्यांना मिळालेले कुंपण कोणालाही काढायचे नव्हते.

या शुल्काने दिलेली सर्वांत प्रसिद्ध गाडी म्हणजे सुबारू ब्रॅट. 1978 च्या मॉडेलपासून ती अमेरिकेत आली तेव्हा तिच्या हौद्यात मागे तोंड केलेल्या दोन प्लॅस्टिकच्या सीट बसवलेल्या होत्या. सीट आहेत म्हणजे प्रवासी गाडी, आणि प्रवासी गाडीवर शुल्क अवघे काही टक्के. उघड्या हौद्यात माणसे बसवणे किती धोक्याचे आहे हे सांगायला नको, पण कागदावर जागा निघाली होती. दुसरी वाट केबिन आणि चासी वेगळी आणून हौदा अमेरिकेत चढवण्याची. त्यावर 4 टक्केच लागत. जपानी लहान पिकअप वर्षानुवर्षे असेच आले आणि 1980 मध्ये वर्गीकरण बदलून ती वाट बुजवण्यात आली. सीट बसवून आणण्याची युक्ती मात्र संपली नाही. तुर्कस्तानातून येणाऱ्या एका लहान व्हॅनच्या मागच्या सीट बंदरात उतरताच काढून टाकल्या जात. ते प्रकरण न्यायालयांत वर्षानुवर्षे रेंगाळले आणि 2024 मध्ये 36.5 कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटले. कोंबडीवरून झालेल्या भांडणाची किंमत साठ वर्षांनी मोजली गेली.

एवढे सगळे खरे असले तरी मूळ प्रश्न उरतोच. कार-पिकअप या शुल्काने मारले का? रँचेरो आणि एल कमिनो आयुष्याचा बहुतेक काळ अमेरिकेतच बनत होत्या, म्हणजे शुल्क त्यांच्या बाजूने होते. 1980 च्या दशकात फोक्सवागनने गोल्फवर बेतलेला पिकअप पेन्सिल्व्हानियात बनवला. डॉजने 1982 ते 1984 मध्ये रँपेज विकला, तोही देशातच बनलेला. पुढची चाके ओढणारे, हलके, इंधन वाचवणारे हे पिकअप होते. दोन्ही चालले नाहीत. शुल्क नसते तर बाहेरून चांगल्या गाड्या आल्या असत्या आणि स्पर्धा राहिली असती, हे मान्य. पण देशातल्या गाड्या का मेल्या याचे उत्तर शुल्कात सापडत नाही.

उत्तर मूळ कारमध्ये आहे. 1977 ते 1979 ची रँचेरो ज्या एलटीडी टू कारवर होती ती 1979 मध्ये बंद झाली, तिच्याबरोबर रँचेरोही गेली. एल कमिनोची मूळ मालिबू 1983 मध्ये संपली. जागा घेणारी कार पुढची चाके ओढणारी होती आणि तिच्यावर हौदा चढवण्याचा विचार कोणी केला नाही. एल कमिनो त्यानंतरही 1987 पर्यंत तग धरून राहिली, एवढेच. त्याच वेळी शेव्हर्ले एस-10 आणि फोर्ड रेंजर हे लहान, चासीवाले पिकअप आले. ते स्वस्त होते आणि त्यांना कोणत्याही कारच्या नशिबाशी बांधून घ्यावे लागत नव्हते. हिशोब करणाऱ्याने त्या परिस्थितीत तोच निर्णय घेतला असता. मला खटकते ते त्यानंतरचे. हे लहान पिकअपही पुढे वाढत गेले, लहान राहिलेले बंद झाले, आणि खालची जागा जवळपास मोकळीच राहिली.

ती मोकळी राहण्यात एका नियमाचा मोठा वाटा आहे, आणि त्याची चर्चा शुल्काच्या मानाने फारच कमी होते. 1975 च्या ऊर्जा कायद्याने कारसाठी 1985 पर्यंत गॅलनला सरासरी 27.5 मैलांचे उद्दिष्ट ठेवले. उघडा हौदा असलेली गाडी हलक्या ट्रकच्या गटात, तिचे उद्दिष्ट वेगळे आणि सौम्य. तोवर ठीक होते. 2006 मध्ये मात्र ट्रकचे उद्दिष्ट गाडीच्या पाऊलठशावर ठरवायचे ठरले, म्हणजे दोन एक्सलमधले अंतर गुणिले डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर. 2008 ते 2011 या मॉडेल वर्षांत ते टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि पुढे सर्वच गाड्यांना लागले. पाऊलठसा मोठा तितके उद्दिष्ट सोपे. सुरक्षेसाठी गाड्या हलक्या आणि चिमुकल्या होऊ नयेत, असा त्यामागचा युक्तिवाद होता, आणि तो पोकळ नव्हता. पण लहान पिकअपला त्याच्या आकारानुसार जवळपास कारइतके उद्दिष्ट गाठावे लागू लागले, आणि ओझे वाहायचे ते वेगळेच. मोठा पिकअप बनवला तर नियम सोपा आणि नफा जास्त. मॅव्हरिकने मूळ मॉडेललाच हायब्रिड इंजिन का दिले, याचे एक कारण यात आहे. 2025 च्या उन्हाळ्यात हे उद्दिष्ट चुकवल्याचा दंड कायद्यानेच शून्यावर आणला गेला. मोठ्या गाडीकडे ढकलणारा जोर त्यामुळे सैल पडला, पण लहान गाडीकडे वळवणारा जोर आपोआप तयार होत नाही.

मधल्या काळात प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. सुबारू बाहा 2003 ते 2006 या मॉडेल वर्षांत आली, चार दारांची आणि आखूड हौद्याची, आणि खप न झाल्याने गेली. होंडा रिजलाइन 2006 च्या मॉडेलपासून आली आणि मोनोकॉक पिकअप रोजच्या कामाला पुरतो हे तिने दाखवले. तिच्याइतकी टीका क्वचितच एखाद्या पिकअपला सोसावी लागली असेल. ऑस्ट्रेलियात बनणारी होल्डन यूट (यूट म्हणजे युटिलिटी, कार-पिकअपचे तिथले नाव) पाँटिॲक या नावाने अमेरिकेत आणायची घोषणा 2008 मध्ये झाली आणि 2009 च्या जानेवारीत मंदीने ती गिळली. ती आली असती तर आजचा वाद वेगळ्या पायावर झाला असता असे मला वाटते.

ऑस्ट्रेलियाची कहाणी अधिक दुखरी आहे. जिथे ही गाडी जन्मली तिथली फाल्कन यूट 2016 मध्ये आणि होल्डन यूट 2017 मध्ये संपली, कारण ज्या कारवर त्या होत्या त्या कारचे देशातले उत्पादनच थांबले. पुन्हा तेच नाते. मात्र मागणी आधीपासूनच थायलंडहून येणाऱ्या चार दारांच्या चासीवाल्या पिकअपकडे सरकत होती. 2016 मध्ये त्या देशात सर्वाधिक खपलेली गाडी टोयोटा हायलक्स होती. लोक तिलाही यूटच म्हणतात.

आणि तरीही हा प्रकार नाहीसा झालेला नाही. दक्षिण आफ्रिकेत निसानचा 1400 बक्की (पिकअपला तिथे बक्की म्हणतात) अनेक वर्षे, 2008 पर्यंत बनत राहिला आणि त्यानंतर लोगान कारवर बेतलेला एनपी200 2024 पर्यंत. ब्राझीलमध्ये तर तो बाजाराचा कणा आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस फियाट 147 चा पिकअप आला, 1982 मध्ये फोक्सवागनच्या गोल या कारवर बेतलेला सावेरो, 1998 मध्ये फियाट स्ट्राडा. 2021 पासून 2024 पर्यंत दर वर्षी स्ट्राडा ही ब्राझीलमध्ये सर्वाधिक खपलेली गाडी ठरली, आणि ते पिकअपमध्ये नव्हे, सगळ्या गाड्यांमध्ये. तिची लांबी सुमारे साडेचार मीटर, म्हणजे मॅव्हरिकपेक्षा अर्ध्या मीटरहून जास्त आखूड. दोन दारांच्या केबिनमध्ये ती 720 किलो ओझे घेते, चार दारांची 650. मॅव्हरिकचा आकडा 1,500 पौंड, म्हणजे सुमारे 680 किलो. इतकी लहान गाडी इतके वाहू शकते त्याचे गुपित मागच्या एक्सलमध्ये आहे. पुढचा भाग कारचा ठेवून मागे कडक एक्सल आणि पाट्याच्या स्प्रिंगा दिल्या आहेत. पुढची चाके ओढत असल्याने खालून फिरता शाफ्ट जात नाही, म्हणून हौद्याचा तळ खाली ठेवता येतो. हौदा भरला की पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि ओल्या चढावर ती घसरतात, ही उणीव खरी आहे. पण रोज माल चढवणाऱ्या माणसाला फाळका पाडल्यावर कमरेखाली येणारा हौदा त्याहून जास्त मोलाचा असतो.

पुनरागमनाचा वाद बहुतेकदा एल कमिनोच्या फोटोपासून सुरू होतो. स्ट्राडापासून सुरू झाला तर प्रश्न अधिक नेमका होईल. ज्या सेडानवर जुन्या गाड्या उभ्या होत्या त्या सेडान अनेक कंपन्यांनी सोडल्या आहेत. मॅव्हरिक आणि सांता क्रूझ यांची मूळ गाडी क्रॉसओव्हर, म्हणजे कारच्या पायावरची उंच गाडी आहे, म्हणून त्या उंच आहेत आणि त्यांचे हौदेही वर गेले आहेत. एप्रिल 2025 मध्ये दाखवलेला स्लेट हा दोन आसनी विजेवरचा पिकअप कोणत्याही कारवर बेतलेला नाही. तळाला सपाट बॅटरी असेल तर कार आणि पिकअप यांचा पाया एकच ठेवणे पूर्वीपेक्षा सोपे आहे, मात्र बॅटरीची जाडी हौद्याचा तळ वर ढकलते. ही अडचण सोडवण्याची दोन साधने ब्राझीलच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे वापरात आहेत. लांब ठेवलेला मागचा भाग आणि मालासाठी वेगळा केलेला मागचा एक्सल. नव्या पिकअपच्या आराखड्यात ती घेतली जातात की आधी चार दारे आणि मोठी चाके येतात, यावरून कळेल की परत काय येत आहे.