‘चालू कंडिशन’चे दोन अर्थ: रिलेचे पिनबॉल आणि बोर्डाचे पिनबॉल

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत बसून जुने पिनबॉल मशीन (काचेखालच्या उतरत्या फळीवर गोळा उडवत गुण मिळवायचा खेळ) घ्यायचे, तर विक्रेता बहुधा मुंबईचा नाहीतर बंगळूरचा असणार. दोन्ही शहरे बेळगावपासून सुमारे पाचशे किलोमीटरवर असल्याने प्रत्यक्ष जाऊन पाहणे टळते आणि व्यवहार चार फोटो व ‘चालू कंडिशन’ या दोन शब्दांवर ठरतो. (‘चालू’चा आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे, पण तो विक्रेत्याला उगाच चिकटवू नये.) अडचण अशी की रिलेच्या (विजेच्या चुंबकाने उघडझाप होणाऱ्या स्विचच्या) आणि बोर्डाच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाच्या) मशीनच्या बाबतीत या शब्दांचे अर्थ जवळजवळ उलटे आहेत.

रिलेची, म्हणजे इलेक्ट्रोमेकॅनिकल मशीन 1970 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत होती. 1977 च्या सुमारास बोर्डाच्या, म्हणजे सॉलिड स्टेट मशीननी त्यांची जागा घ्यायला सुरुवात केली. पाय, काच, फ्लिपर (गोळा परतवणारे दांडे) आणि 27 मिलिमीटरचा पोलादी गोळा दोन्हींत सारखेच, म्हणून फोटोत फरक पटकन कळत नाही. फोनवर घंटी ऐकूनही निष्कर्ष काढू नये, कारण सुरुवातीच्या काही बोर्डाच्या मशीनमध्येही खऱ्या घंट्याच होत्या. गुणांचे आकडे पाहावेत: फिरत्या चक्रांवर छापलेले असतील तर मशीन रिलेचे, दिव्यासारखे उजळणारे असतील तर बहुधा बोर्डाचे.

रिलेचे मशीन दोन वर्षे बंद राहिले, की कॉन्टॅक्टवर (स्विचमध्ये एकमेकांना टेकून वीज जोडणाऱ्या टोकांवर) काजळी धरते, जुने वंगण घट्ट होते आणि काल चालणारे यंत्र आज हलत नाही. तरीही ते मेलेले नसते. चांदीचे कॉन्टॅक्ट बारीक कानशीने साफ होतात आणि जळालेली कॉइल मोटार वाइंडिंग करणारा कारागीरही भरून देऊ शकतो. त्यामुळे ‘बंद आहे’ असे सांगून स्वस्तात दिलेले रिलेचे मशीन मी बिनधास्त घेईन.

बोर्डाच्या मशीनबाबत मी असे म्हणणार नाही. माझे मशीन व्हिडिओत खरोखर चालत होते, विक्रेता खोटे बोलला नव्हता. ट्रान्सपोर्टच्या गोदामातून घरी आणून मागची पेटी उघडली, तेव्हा बोर्डावरच्या बॅटरीखाली हिरवट-पांढरी पूड साचलेली दिसली. गळलेल्या रसायनाने तांब्याच्या बारीक रेषा खाल्ल्या होत्या आणि तिसऱ्या महिन्यात मशीन थांबले. म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी खेळाच्या व्हिडिओपेक्षा बॅटरीच्या जागेचा जवळून काढलेला फोटो मागावा. शिवाय या मशीनच्या सोन्याचा मुलामा असलेल्या कॉन्टॅक्टना कानस लावू नये, मुलामा निघून जातो. जाड कागदाची पट्टी मधून ओढली की पुरते.

अमेरिकन मशीन 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झसाठी असेल, तर आपल्या 230 व्होल्टवर दोन्ही जातींना योग्य ट्रान्सफॉर्मर लागतो. पण तो वारंवारता बदलत नाही, म्हणून रिलेच्या मशीनमधली गुण मोजणारी मोटार 50 हर्ट्झवर थोडी मंद फिरते.

वाहतुकीत दोघांत फरक नाही. वजन शंभर किलोंच्या वर जाते. पाय सोडवून घ्यावेत, मागची रंगीत काच वेगळी बांधायला सांगावी आणि गोळे आतून काढल्याचा फोटो मागवावा, कारण आत राहिलेला एक गोळाही वाटेतल्या धक्क्यांनी आतले प्लास्टिक फोडतो.